जुन्या पीसीसाठी ऑटोरन्स : काय बंद करायचं, काय नाही (वापरून लिहिलेला रिव्ह्यू)

आधी निकाल सांगते मग बाकीचं. घरात सात-आठ वर्षांहून जुना विंडोजचा पीसी असेल, तो चालू झाल्यावर बराच वेळ नुसता घरघरत बसत असेल, आणि नवीन घ्यायचं सध्या मनात नसेल, तर ऑटोरन्स नावाचं, विंडोजबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टी दाखवून त्या बंद करू देणारं छोटं टूल डाउनलोड करून एक रविवार सकाळ द्या. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, जाहिराती नाहीत, 'प्रो व्हर्जन घ्या' म्हणून मागे लागत नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

पीसी आमच्या सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरणारी हार्ड डिस्क, विंडोज १०. त्यावर बाबा सोसायटीचा हिशोब एक्सेलमधे ठेवतात, लाइटबिल भरतात, बँकेचं स्टेटमेंट काढतात, मराठीत पत्रं टाइप करतात आणि संध्याकाळी यूट्यूबवर कीर्तन ऐकतात, बस एवढंच. एवढ्या कामाला हा पीसी खरं तर आजही भरपूर झाला. पण झालं होतं असं की डेस्कटॉप दिसायला लागल्यावरही एक्सेल उघडायला डबल क्लिक केलं की काहीच व्हायचं नाही, मग बाबा परत क्लिक करायचे, परत करायचे, आणि शेवटी एकदम चार एक्सेल उघडायची. टास्क मॅनेजर (पीसीत काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला तर डिस्कच्या कॉलममधे लाल रंगात १०० टक्के, आणि प्रोसेसर मात्र निवांत. हे लक्षात ठेवा, कारण जुन्या पीसीत बहुतेक वेळा गोम इथेच असते, लोक उगाच प्रोसेसरला नावं ठेवतात.

फिरणाऱ्या डिस्कचं काम कसं चालतं ते थोडं सांगते, कारण ते कळलं की काय बंद करायचं हे आपोआप कळतं. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एक फेरा पूर्ण करायला ८ मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, आणि वाचणारं हेड एका जागेवरून दुसरीकडे न्यायला साधारण तेवढेच. म्हणजे सलग एकच मोठी फाइल वाचायची असेल तर ती सेकंदाला १०० एमबीच्या वर आरामात देते, पण इकडची थोडी तिकडची थोडी अशा बारीक बारीक फाइली मागितल्या तर सेकंदाला जेमतेम शंभरेक मागण्या पुऱ्या होतात. पोस्टात एकच खिडकी उघडी आणि रांगेत वीस जण, प्रत्येकाचं काम वेगळं, तशी गत. पीसी चालू झाल्याबरोबर वीस प्रोग्राम एकदम जागे होतात आणि प्रत्येकाला आपापल्या बारीक फाइली हव्या असतात, आणि बाबांचं एक्सेल त्या रांगेत एकविसावं. त्यामुळे इथे नवीन काही टाकून उपयोग नाही, रांग कमी करायची. पीसी फास्ट करून देतो म्हणणारी जी बूस्टर छाप सॉफ्टवेअर मिळतात ती स्वतःच रांगेत जाऊन उभी राहतात, हा माझा त्यांच्यावरचा मुख्य आक्षेप.

आता टूलबद्दल. ऑटोरन्स हे सिसइंटर्नल्स नावाच्या टूलसंचातलं. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांनी १९९६ साली हे काम सुरू केलं, आणि २००६ मधे मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली. तेव्हापासून ही टूल्स मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर फुकट मिळतात. म्हणून एक विनंती, डाउनलोड फक्त तिथूनच करा. सर्च केल्यावर दुसऱ्या दहा साइट्स तेच नाव लावून बसलेल्या दिसतात, त्या भानगडीत पडू नका, ज्या कचऱ्यासाठी हा खटाटोप चाललाय तोच परत घरात यायचा. अगदी छोटी झिप फाइल आहे, उघडली की आत ३२ बिट आणि ६४ बिट अशा वेगळ्या फाइली असतात, आपल्या विंडोजप्रमाणे घ्यायची आणि राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' ने चालवायची, नाहीतर काही गोष्टींवरची टिक काढताच येत नाही.

पण ऑटोरन्सच्या आधी टास्क मॅनेजर. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, खाली 'मोअर डीटेल्स' असेल तर ते दाबा, आणि 'स्टार्टअप' टॅबवर या. हा टॅब विंडोज ८ पासून आहे आणि माझ्या मते घरच्या पीसीचं निम्मं काम इथेच होतं. प्रत्येक प्रोग्रामसमोर 'स्टार्टअप इम्पॅक्ट' लिहिलेला असतो, हाय, मीडियम, लो. हे अंदाजपंचे नसतं बरं का. हाय म्हणजे सुरू होताना प्रोसेसरचा १ सेकंदापेक्षा जास्त वेळ खाल्ला किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचलं-लिहिलं. बाबांच्या पीसीत व्हिडिओ कॉलचं ॲप, एक म्युझिकचं ॲप, वन ड्राइव्ह (फाइली इंटरनेटवर ठेवणारी मायक्रोसॉफ्टची सोय), आणि मोबाइलचा बॅकअप घेणारं एक सॉफ्टवेअर असे चार तर सरळ हायमधेच बसले होते. राइट क्लिक, डिसेबल, झालं. डिसेबल केलं म्हणजे प्रोग्राम गेला असं नाही, फक्त स्वतःहून सुरू होणं थांबतं, आपण आयकॉनवर क्लिक केलं की तो नेहमीसारखाच उघडतो. बाबांना हे दोनदा समजावावं लागलं कारण त्यांना वाटत होतं की नातवाशी बोलायचं ॲपच मी काढून टाकतेय.

वन ड्राइव्हबाबत मात्र जरा थांबा. काही पीसींमधे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर न विचारता वन ड्राइव्हमधे जोडलेले असतात. सोसायटीचा हिशोब त्यात असेल आणि तुम्ही घाईघाईत अकाउंट अनलिंक केलं तर फाइली गेल्या की काय म्हणून पाचावर धारण बसते. आधी सेटिंग्जमधे जाऊन फाइली नक्की कुठे आहेत ते बघा, पेन ड्राइव्हवर एक कॉपी काढा, मग हात लावा.

टास्क मॅनेजर पुरेसा असता तर हा रिव्ह्यू लिहिलाच नसता. तो दाखवतो फक्त स्टार्टअप फोल्डरमधले आणि रजिस्ट्रीतल्या (म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या) ठरावीक जागांमधले प्रोग्राम. पण विंडोजमधे आपोआप सुरू व्हायच्या वाटा कितीतरी आहेत, सर्व्हिस (मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम) म्हणून, शेड्यूल्ड टास्क (ठरल्या वेळी सुरू होणारं काम) म्हणून, ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारं सॉफ्टवेअर) म्हणून, राइट क्लिकच्या मेन्यूत घुसून, ब्राउझरला चिकटून. ऑटोरन्स या सगळ्या वाटा एका खिडकीत मांडतं. पहिल्यांदा उघडलं की खरंच घाबरायला होतं, वर टॅबच टॅब आणि खाली शेकडो ओळी, लॉगऑन, एक्सप्लोरर, शेड्यूल्ड टास्क्स, सर्व्हिसेस, ड्रायव्हर्स, विनलॉगऑन... बघूनच बंद करावंसं वाटतं. तसं करू नका. वरच्या 'ऑप्शन्स' मेन्यूत 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज' आहे, त्यावर टिक करा. विंडोजच्या स्वतःच्या सगळ्या ओळी गायब होतात आणि उरतं ते बाहेरून आलेलं. आता यादी वाचण्याजोगी होते. आणि हीच सुरक्षित पद्धतही आहे, जे दिसतच नाही ते चुकून बंद होणार नाही.

रंगांकडे लक्ष द्या. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण जिच्याकडे ती बोट दाखवतेय ती फाइलच आता डिस्कवर नाही. गुलाबी ओळ म्हणजे त्या फाइलवर बनवणाऱ्याची डिजिटल सही नाही किंवा माहितीच नाही. गुलाबी म्हणजे व्हायरसच असं अजिबात नाही, जुनी प्रामाणिक सॉफ्टवेअर बरीच अशीच असतात, पण 'हे कोण?' असं विचारायची जागा ती. शंका आली तर त्यातच व्हायरसटोटलवर तपासायची सोय आहे, फाइलचा ठसा पाठवून किती अँटीव्हायरस तिला वाईट म्हणतात ते त्याच ओळीत आकड्यात दिसतं. पण एखादाच आकडा आला तर लगेच हबकू नका, इतक्या इंजिनांत एखादं चुकीचं भुंकतंच.

तर बाबांच्या पीसीत काय काय निघालं. पहिलं म्हणजे प्रिंटर. जो प्रिंटर लॉकडाउननंतर कधीतरी भंगारात गेला, त्याची शाई किती उरली ते बघणारा प्रोग्राम, त्याचं अपडेट तपासणारा प्रोग्राम, आणि 'आमची सेवा सुधारण्यासाठी' म्हणून वापराची माहिती गोळा करणारा टास्क, असे तिघे अजून रोज हजेरी लावत होते. मी वाचून दाखवलं तर बाबा म्हणाले, "अगं, प्रिंटर घरात नाही आणि त्याची शाई कसली मोजतोय हा?" मग इंटरनेटचा डोंगल. वायफाय यायच्या आधी आपण सगळ्यांनी वापरलेत ते यूएसबी डोंगल, त्याचं कनेक्शन मॅनेजर सर्व्हिस म्हणून बसलेलं. मग एका जुन्या फोनचं सिंक करणारं सॉफ्टवेअर, तो फोन तर कुणाला आठवतही नव्हता. मग पीडीएफ वाचायच्या सॉफ्टवेअरचा अपडेटर, जावाचा अपडेटर, दोन वेगवेगळ्या ब्राउझरचे अपडेटर. मग एका अँटीव्हायरसचे अवशेष, ज्याची ट्रायल संपून जमाना झाला होता.

यातले ब्राउझरचे अपडेटर मी तसेच ठेवले. ते हलके असतात, आणि ज्या ब्राउझरमधून बँकेचं काम चालतं तो अपडेट होणं जास्त गरजेचं. जावा बाबांच्या कुठल्याच कामाला लागत नव्हतं म्हणून अख्खं काढून टाकलं. प्रिंटर, डोंगल, फोन यांचंही तेच, ज्याचं यंत्रच घरात नाही त्याची नुसती टिक काढत बसण्यापेक्षा कंट्रोल पॅनेलमधून सरळ अनइन्स्टॉल करावं, आणि त्यानंतरही जी पिवळी ओळ मागे राहते तेवढ्यासाठी ऑटोरन्स. अँटीव्हायरसचं मात्र टिक काढून कधीच भागवू नका, ती सॉफ्टवेअर फार आत मुळं धरतात, बहुतेक कंपन्या स्वतःच काढून टाकायचं वेगळं टूल देतात ते वापरा. बाहेरचा अँटीव्हायरस नीट निघाला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप कामाला लागतो, आणि घरच्या वापराला तो पुरतो हे माझं स्पष्ट मत.

मराठी टायपिंगचा किस्सा वेगळा सांगायला हवा कारण हा आपल्याकडच्या बऱ्याच घरांत, ऑफिसांत आहे. बाबांकडे एक जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर होतं, ते पीसी चालू होताच सुरू होऊन कीबोर्डवर पहारा देत बसायचं, आणि त्याच्यासोबत आलेले शेकडो फॉन्ट. त्या फॉन्टांमुळे वर्ड उघडताना फॉन्टची यादी भरायलाच वेळ जायचा. बाबांचा हात फोनेटिकवर बसलेला, म्हणजे इंग्रजीत उच्चार मारले की मराठी उमटतं तसा. ही सोय २०१९ च्या मे अपडेटपासून विंडोज १० मधे आतच आलेली आहे, सेटिंग्जमधे लँग्वेजमधे मराठी ॲड करा आणि कीबोर्डमधे 'मराठी फोनेटिक' निवडा, मग विंडोजची कळ आणि स्पेस दाबून इंग्रजी-मराठी बदलता येतं. ज्यांना इन्स्क्रिप्ट (मराठीचा प्रमाणित कीबोर्ड) येतं त्यांच्यासाठी तोही आहेच. हे जमल्यावर जुन्या सॉफ्टवेअरची टिक ऑटोरन्समधून काढली. फॉन्टांपैकी जे जुन्या पत्रांत वापरलेत तेवढे राहू दिले, कारण ती पत्रं युनिकोडमधे (म्हणजे कुठल्याही मराठी फॉन्टमधे वाचता येईल अशा पद्धतीत) नाहीत, फॉन्ट काढला की सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांची गिचमिड होऊन बसतो. बाकीचे एका फोल्डरमधे कॉपी करून फॉन्ट्समधून काढले. वर्ड उघडण्यात जो फरक पडला तो मला वाटतं सगळ्यात जास्त याच एका कामाने पडला.

ऑटोरन्समधे टिक काढणं आणि डिलीट करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. टिक काढली की नोंद बाजूला जपून ठेवली जाते, परत टिक केली की सगळं पूर्ववत. डिलीट केलं की नोंद गेलीच, परत आणायची सोय टूलमधे नाही. म्हणून नियम साधा ठेवा, फक्त टिक काढा, एकदम दोन-चारच काढा, पीसी रीस्टार्ट करा, एक-दोन दिवस नेहमीची कामं करून बघा, आणि सगळं ठीक असेल तर पुढच्या. डिलीट फक्त त्या पिवळ्या ओळी, ज्यांचा प्रोग्राम आपण स्वतः अनइन्स्टॉल केलाय. आणि सुरुवात करायच्या आधी सिस्टिम रिस्टोअर पॉइंट (काही बिघडलं तर विंडोज आधीच्या स्थितीत नेण्याची सोय) बनवून ठेवा.

शेड्यूल्ड टास्क्सचा टॅब नक्की बघा. लोक स्टार्टअप साफ करून थांबतात आणि मग म्हणतात की पीसी चालू पटकन होतो पण मधेच अडकतो. त्याचं कारण बरेचदा इथे असतं, कुणी लॉगिन झाल्यावर दहा मिनिटांनी जागं होतं, कुणी पीसी रिकामा बसला की. प्रिंटरवाल्याचा तो माहिती गोळा करणारा टास्क इथेच सापडला. याउलट ड्रायव्हर्स आणि विनलॉगऑन हे टॅब घरच्या माणसाने नुसते बघावेत, हात लावू नये. डिस्क किंवा ग्राफिक्सशी संबंधित ड्रायव्हरची टिक गेली तर पीसी डेस्कटॉपपर्यंतच येणार नाही, आणि मग दुरुस्तीवाल्याकडे न्यावा लागेल.

इथेच माझा अर्धा गुण कापला गेला. ऑटोरन्स तुम्हाला सगळं दाखवतं पण काहीच सांगत नाही. कुठली ओळ किती जड आहे हे कळत नाही, टास्क मॅनेजरसारखा हाय-लो नाही. 'हे बंद केलं तर काय होईल' असा एक शब्द नाही. सगळं इंग्रजीत, अक्षर बारीक, बाबांच्या वयाच्या माणसाने एकट्याने वापरावं असं हे टूल नाही. राइट क्लिक करून ऑनलाइन शोधायची सोय दिलीये तिचा भरपूर वापर करा, नाव ओळखीचं नसेल तर शोधा, कळलं नाही तर सोडून द्या.

विंडोजच्या स्वतःच्या ज्या गोष्टी जड पडतात त्यांना ऑटोरन्स लागत नाही, त्या सेटिंग्जमधूनच बंद कराव्यात. बॅकग्राउंड ॲप्स, हे प्रायव्हसीमधे आहे, एका बटणात सगळी बंद होतात. नोटिफिकेशन्समधलं टिप्स देणारं बटण. पर्सनलायझेशनच्या कलर्समधली ट्रान्सपरन्सी. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन, म्हणजे तुमच्या पीसीवर उतरलेले अपडेट दुसऱ्यांच्या पीसींना पोचवायचे, तेही बंद करा, मोजून मापून नेट वापरणाऱ्यांनी तर नक्कीच. एज ब्राउझर वापरत नसाल तरी त्याच्या सेटिंग्जमधे एकदा जा आणि 'स्टार्टअप बूस्ट' आणि ब्राउझर बंद केल्यावरही मागे चालू राहण्याची परवानगी, दोन्ही काढा. क्रोममधेही बंद केल्यावर मागे चालू राहण्याचं तसंच एक बटण आहे, आणि ४ जीबी रॅमवर क्रोमचा 'मेमरी सेव्हर' चालू ठेवणं हे मात्र करायलाच हवं.

व्हिज्युअल इफेक्ट्सबद्दल सगळेच लिहितात, 'ॲडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स' दाबा म्हणून. दाबा, पण त्यानंतर खालच्या यादीतल्या दोन टिक परत लावा. एक 'स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स', ही गेली तर मराठी वाचायचे हाल होतात, रफार, वेलांट्या, जोडाक्षरं सगळं दातेरी दिसायला लागतं, डोळ्यांना त्रास. दुसरी आयकॉनऐवजी थंबनेल दाखवणारी, नाहीतर फोटोंच्या फोल्डरमधे सगळे एकसारखे चौकोन दिसतात आणि बाबा प्रत्येक फोटो उघडून बघत बसतात. या दोन ठेवल्याने वेगात काही फरक पडत नाही.

आता सिसमेन. विंडोज व्हिस्टापासून सुपरफेच नावाने असलेली ही सर्व्हिस विंडोज १० च्या १८०९ व्हर्जनपासून सिसमेन म्हणून दिसते. आपण नेहमी काय वापरतो ते लक्षात ठेवून आधीच रॅममधे आणून ठेवणं हे तिचं काम. कल्पना चांगली आहे, आणि रॅम भरपूर असेल तर उपयोगही होतो. पण ४ जीबी रॅम आणि फिरणारी डिस्क असेल तर आधीच भरलेल्या रॅममधे आणखी कोंबायला ती डिस्कला जुंपते. बाबांच्या पीसीत बंद केल्यावर चालू झाल्यानंतरची घरघर कमी झाली, म्हणून बंदच ठेवली. दुसऱ्या पीसीत उलटंही होऊ शकतं, म्हणून बंद करून आठवडाभर बघा आणि मगच ठरवा. सर्च इंडेक्सिंगचं, म्हणजे शोध पटकन लागावा म्हणून विंडोज फाइलींची सूची बनवून ठेवतं त्याचं, वेगळं. बाबा फाइली फोल्डरमधे जाऊनच उघडतात, सर्च करत नाहीत, म्हणून बंद केलं. तुम्ही आउटलुकमधे जुनी ईमेल शोधत असाल तर नका करू, फार अडेल.

फास्ट स्टार्टअप बंद करा असं खूप ठिकाणी सांगतात. फिरणाऱ्या डिस्कवर ते चालू असलेलंच बरं, ते विंडोजचा गाभा बंद होताना डिस्कवर एकत्र लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी सलग वाचतं, आणि सलग वाचणं हेच या डिस्कला जमतं. फक्त एवढं लक्षात ठेवा की त्यामुळे 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद नसतं, काही अडलं तर 'रीस्टार्ट' करायचं.

काही सल्ले मात्र अगदी निरुपयोगी किंवा घातक आहेत आणि ते सतत फिरत असतात म्हणून कळकळीने लिहिते. एमएसकॉन्फिग या विंडोजच्याच सेटिंग्जच्या टूलमधे बूटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधे प्रोसेसरची संख्या वाढवा म्हणतात. तो आकडा फक्त मर्यादा घालण्यासाठी आहे, टिक केली नसेल तर विंडोज सगळे कोअर वापरतंच, त्यातून वेग वाढत नाही, चुकीचा आकडा निवडलात तर उलट कमी होतो. पेज फाइल (रॅम भरली की विंडोज डिस्कवरची जी जागा वापरतं ती) बंद करा म्हणतात. ४ जीबी रॅमवर ती बंद केली तर ब्राउझरचे चार टॅब उघडताच मेमरी संपली म्हणून प्रोग्राम धडाधड पडायला लागतील. 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' मधलं दिसेल ते काढा म्हणतात. तिथली बरीचशी फीचर्स वापरल्याशिवाय चालूच होत नाहीत, काढून फार तर थोडी जागा मोकळी होईल, आणि 'प्रिंट टू पीडीएफ' काढलंत तर लाइटबिलाची पावती सेव्ह करायची सोय जाईल. रजिस्ट्री क्लिनर वापरा म्हणतात. मायक्रोसॉफ्ट स्वतःच असल्या क्लिनरांना पाठिंबा देत नाही, रजिस्ट्रीतल्या शे-दोनशे जुन्या नोंदी काढून वेगात काही फरक पडत नाही, चुकीची एक गेली तर विंडोज परत टाकायची वेळ येते.

आणि विंडोज अपडेट. ते जड आहे हे खरं, अपडेट उतरत असताना पीसी गुडघ्यावर येतो हेही खरं. पण ज्या पीसीवरून बँकेचं काम होतं त्याचं अपडेट बंद करून वेग मिळवणं मला अजिबात पटत नाही. 'ॲक्टिव्ह अवर्स' बाबांच्या वापराच्या वेळेप्रमाणे लावून दिले, म्हणजे निदान कामाच्या मधे रीस्टार्ट होत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही, तिथे इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा आणि टीपीएम २.० (पीसीतली सुरक्षेची सोय) लागतो. घरच्या पीसींसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सिक्युरिटी अपडेटची योजना आहे, तिच्यात नाव घालण्याची लिंक सेटिंग्जमधे अपडेटच्या पानावर येते. वेग वाढवायला बसाल तेव्हा ते काम आधी करा.

एवढं सगळं करून फरक किती? डेस्कटॉप दिसल्यानंतर डिस्क १०० टक्क्यांवर अडकून राहायची ती आता थोड्याच वेळात खाली येते, एक्सेल पहिल्याच डबल क्लिकला उघडतं, टाइप केलेलं अक्षर लगेच उमटतं. पण पीसी चालू व्हायला अजूनही वेळ लागतो, आणि तो ऑटोरन्सने कमी होणारा नाही, तो डिस्कचा आहे. साटा एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली चिपवरची डिस्क, सेकंदाला हजारोंनी बारीक मागण्या पुऱ्या करते, फिरणारी शंभरेक, हे अंतर कुठलंही सेटिंग भरून काढू शकत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे एसएसडी बसवून आहे ते विंडोज तसंच कॉपी करून मिळतं. तरीही क्रम हाच ठेवा, आधी साफसफाई आणि मग एसएसडी, कारण कॉपी करताना जुना कचराही जसाच्या तसा नवीन डिस्कवर जातो.

सगळं झाल्यावर ऑटोरन्समधे फाइल मेन्यूतून त्या दिवशीची यादी सेव्ह करून डेस्कटॉपवर ठेवा. दोन-तीन महिन्यांनी परत उघडून त्याच मेन्यूतलं 'कंपेअर' वापरलं की मधल्या काळात नवीन आलेल्या ओळी हिरव्या रंगात दिसतात, म्हणजे पुढच्या वेळी अख्खी यादी वाचायची गरज नाही, हिरव्याच तेवढ्या बघायच्या. बाबांच्या पीसीत मागच्या वेळी एकच हिरवी ओळ निघाली, वीज बिलाची पावती बघायला म्हणून टाकलेल्या एका फुकट पीडीएफ सॉफ्टवेअरची. एज ब्राउझरमधेच पीडीएफ उघडतं हे दाखवलं आणि ते अनइन्स्टॉल केलं.